कमेरागंजाची शाळा



मी इतिहासाचा अध्यापक नाही. माझी शाळा नववीला सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा विद्वानांच्या या व्यासपीठावरून मी राजघराण्यांची वंशावळ सांगू लागलो तर ते शोभणार नाही. मी एका लहानशा शाळेचा इतिहास सांगणार आहे. ही शाळा आपल्यापासून हजारो मैल दूर, ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या काठी होती. तिथे शिकलेल्या माणसांनी पुढे जे केले त्यातून एक जुना प्रश्न पुन्हा समोर येतो. गरिबाला शिकवायचे ते कशासाठी? मालकाचा हुकूम त्याला वाचता यावा म्हणून, की त्या हुकुमाला उत्तर लिहिता यावे म्हणून? दोन्हींसाठी अक्षरे तीच लागतात. फरक पडतो तो शिकवणाऱ्याच्या आणि शिकणाऱ्याच्या मनातल्या हेतूने.

प्रथम स्थळकाळ पाहू. इंग्रजांनी ऑस्ट्रेलियात पहिली वसाहत केली ती १७८८ साली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत मेंढपाळ जमीनदार मरे आणि गोलबर्न या नद्यांच्या खोऱ्यांपर्यंत पोचले. हा मुलूख यॉर्टा यॉर्टा लोकांचा. नदीतले मासे, पाणथळीतले पक्षी, काठचे रेड गम वृक्ष यांवर त्यांचे जीवन उभे होते. तिथे मेंढ्या आणि गुरे आली, कुंपणे आली, रोग आले, बंदुका आल्या. जे वाचले ते आपल्याच भूमीवर दुसऱ्यांच्या मेंढ्यांची लोकर कातरू लागले. मजुरी म्हणून पुष्कळदा पीठ, साखर आणि चहा मिळे.

१८७४ साली डॅनियल मॅथ्यूज नावाच्या एका धर्मनिष्ठ गोऱ्या गृहस्थाने आणि त्याची पत्नी जॅनेट हिने मरे नदीकाठी मलोगा येथे या लोकांसाठी आश्रयस्थान आणि शाळा काढली. त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यातली एक नोंद मॅथ्यूजने करून ठेवली आहे. बिली कूपर नावाच्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने इंग्रजी मुळाक्षरे, मोठी आणि लहान दोन्ही, तीन दिवसांत आत्मसात केली. आणि लगेच बॉबी नावाच्या दुसऱ्या मुलाला त्याने मोठी अक्षरे एका दिवसात शिकवली. या नोंदीच्या पहिल्या भागाचे कौतुक सारेच करतात. मला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. अक्षर हातात आल्याबरोबर त्या पोराने ते शेजाऱ्याला देऊन टाकले. या बिलीचे पुढे झालेले नाव विल्यम कूपर. त्याचे उरलेले सारे आयुष्य म्हणजे या एका दिवसाचाच विस्तार होय, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आता या कथेत एक हिंदी माणूस येतो. थॉमस शॅड्रक जेम्स याचा जन्म १८५९ साली मॉरिशसमध्ये झाला. त्याचे कुटुंब हिंदी वंशाचे, ख्रिस्ती झालेले. मॉरिशस म्हणजे उसाच्या मळ्यांचे बेट. कराराच्या मजुरीवर बिहारमधून, मद्रासेकडून आणि आपल्या कोकणातूनही माणसे तिथे नेली गेली, हे आपणांस ठाऊक आहेच. हा तरुण तिथून ऑस्ट्रेलियात आला. त्याला डॉक्टर व्हायचे होते, पण आजारपणानंतर हात कापू लागला आणि तो विचार सोडावा लागला, असे त्याच्या घराण्यात सांगतात. १८८१ च्या आरंभी मेलबर्नजवळ ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यावर त्याची मॅथ्यूजशी आणि त्याच्याबरोबर आलेल्या मलोगाच्या मंडळींशी गाठ पडली. शिकवायला माणूस हवा होता. जेम्स निघाला तो थेट मलोगाला गेला. आरंभी त्याने बिनपगारी काम केले. पुढे न्यू साउथ वेल्सच्या शिक्षणखात्याने त्याला शिक्षक म्हणून नेमले. १८८५ मध्ये त्याने विल्यम कूपरची बहीण एडा हिच्याशी लग्न केले. म्हणजे तो केवळ शिक्षक राहिला नाही, त्या लोकांचा जावई झाला. १८८८ साली मलोगाची बहुतेक वस्ती जवळच कमेरागंजा येथे सरकारी राखीव जमिनीवर हलली आणि तिच्याबरोबर शाळाही गेली. १९२२ साली निवृत्त होईपर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस वर्षे, जेम्स त्या लोकांना शिकवत होता.

तो दिवसा मुलांना शिकवी आणि संध्याकाळी मोठ्यांना. दिवसभर कातरणी चालवून आलेला माणूस रात्री दिव्यापाशी पाटी घेऊन बसतो तेव्हा त्याच्या शरीराला काय वाटत असेल, हे गिरणी-कारखान्यांच्या वस्तीतल्या रात्रशाळा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना वेगळे सांगायला नको. कूपर असाच प्रौढपणीही शिकत राहिला. त्या शाळेत बायबल होते, गणित होते, इंग्रजी लेखन होते, संगीत होते. १८८६ साली अमेरिकेतील फिस्क ज्युबिली सिंगर्स हे गायकमंडळ मलोगाला आले. गुलामगिरीतून सुटलेल्या निग्रो समाजातली ही मंडळी. फारोच्या दास्यातून मुक्त झालेल्या लोकांचे गीत मलोगाच्या माणसांना इतके जवळचे वाटले की ते यॉर्टा यॉर्टा भाषेत उतरले आणि ‘बुरा फेरा’ या नावाने आजही गायले जाते. एका खंडातल्या गुलामांचे गाणे दुसऱ्या खंडातल्या परागंदा लोकांच्या तोंडी बसले, आणि हे घडले ती शाळा मॉरिशसहून आलेला एक हिंदी मास्तर चालवीत होता!

येथवर ऐकून कोणी म्हणेल, सरकार तर उदारच दिसते. शाळा दिली, मास्तर दिला. म्हणून सरकारी धोरणाकडे वळू. न्यू साउथ वेल्समध्ये सार्वजनिक शाळा कायद्याने सर्वांसाठी खुल्या होत्या. पण १८८३ साली यास गावात गोऱ्या पालकांनी हरकत घेतली आणि आदिवासी मुलांना शाळेबाहेर काढण्यात आले. १९०२ मध्ये खात्याने नियमच घालून दिला : गोऱ्या पालकांनी तक्रार केली की मुख्याध्यापकाने आदिवासी मुलांना काढून टाकावे. तक्रार खरी की खोटी, याची चौकशी कोण करतो! मग या मुलांनी जायचे कुठे? तर राखीव वस्त्यांवरच्या वेगळ्या शाळांत. १९१६ साली या वेगळ्या शाळांसाठी वेगळा अभ्यासक्रम आखण्यात आला. त्याची मजल साधारण तिसऱ्या इयत्तेपर्यंत, आणि भर हातकामावर. मुलगे शेतमजूर होतील, मुली घरकामाच्या मोलकरणी होतील, त्यांना याहून अधिक कशाला हवे, हा त्यामागचा हिशेब. पुष्कळ वस्त्यांवर वस्तीचा व्यवस्थापक किंवा त्याची बायकोच शिक्षक म्हणून बसे. अध्यापनाचे शिक्षण दोघांनाही नसे. मुलांना काढून टाकण्याचा तो अधिकार मुख्याध्यापकांच्या हातून गेला तो १९७२ साली. म्हणजे माझ्या वयाच्या माणसाच्या जन्माच्या सुमारास. फार जुनी गोष्ट नव्हे.

शाळेबाहेर काय चालले होते तेही पाहिले पाहिजे, कारण पोटाचा प्रश्न बाजूला ठेवून शिक्षणाचा इतिहास लिहिता येत नाही. १८८१ मध्येच मलोगाच्या ४२ पुरुषांनी गव्हर्नरकडे अर्ज केला होता. त्यांनी भीक मागितली नव्हती. आमची जमीन गेली, आमची शिकार गेली, आता कसून खाण्यापुरती जमीन आम्हांला द्या, एवढेच त्यांचे म्हणणे. त्यातून राखीव जमीन मिळाली. कमेरागंजाला काही कुटुंबांनी जंगल तोडून तुकडे लागवडीखाली आणले, गहू पिकवला. आणि जमीन पिकू लागल्यावर १९०७ मध्ये संरक्षण मंडळाने ते तुकडे परत घेतले. मंडळाचे नाव आदिवासी संरक्षण मंडळ! १९०९ च्या कायद्याने त्याच्या हाती या लोकांच्या राहण्याजाण्याची सत्ता आली. १९१५ च्या दुरुस्तीने तर न्यायालयात न जाता आईबापांपासून मुले काढून नेण्याचा अधिकार मिळाला. मुलींना कुटामंड्रा येथील गृहात नेत आणि मोलकरीण करून बाहेर पाठवीत. मार्गारेट टकर ही अशीच तेराव्या वर्षी नेलेली मुलगी. डग्लस निकोल्स या कमेरागंजाच्या मुलाने आपली मोठी बहीण नेली जाताना डोळ्यांनी पाहिली. ही दोन नावे ध्यानात ठेवावीत; ती पुन्हा येणार आहेत.

विल्यम कूपर या सर्व काळात काय करीत होता? मजुरी करीत होता. लोकर कातरणे, गुरे हाकणे, घोडे वठणीवर आणणे ही त्याची कामे. तो ऑस्ट्रेलियन वर्कर्स युनियनचा दीर्घकाळ सभासद होता. युनियनचा माणूस म्हणून मला याचा अभिमान वाटतो, पण पुढचे वाक्य बोलल्याशिवाय हा अभिमान प्रामाणिक ठरणार नाही. त्या युनियनच्या नियमांत आदिवासींना प्रवेश होता, मात्र चिनी, अफगाण अशा आशियाई मजुरांना दार बंद होते. म्हणजे कूपरला सभासदत्वाची पावती मिळत होती, आणि ज्या वंशाच्या मास्तराने त्याला रात्री शिकवले त्या वंशाच्या मजुराला ती मिळाली नसती. कामगारांची एकजूट कातडीच्या रंगापाशी येऊन थांबली की तिचा उपयोग मालकालाच होतो. तरीसुद्धा त्या युनियनमध्ये कूपर सभा कशी भरते, ठराव कसा लिहितात, मागणी कशी मांडतात हे शिकला, असे मानायला हरकत नाही. १९२० नंतरच्या दुष्काळात आणि पुढच्या महामंदीत ज्या विखुरलेल्या आदिवासी वस्त्यांना मदत नाकारली गेली, त्यांच्या वतीने बोलणारा तोच होता. त्याचा एक मुलगा साम्राज्यासाठी लढताना १९१७ साली बेल्जममध्ये मारला गेला होता. बापाला मात्र त्या साम्राज्यात मत नव्हते.

१९३३ साली, वयाच्या सत्तरीनंतर, कूपर कमेरागंजा सोडून मेलबर्नच्या फुटस्क्रे या कामगारवस्तीत राहायला गेला. कारण साधे होते. आदिवासी वस्तीत राहणाऱ्याला वृद्धवेतन मिळत नसे, बाहेर राहिले तर मिळे. त्या तुटपुंज्या वेतनावर म्हाताऱ्याने चळवळ उभारली. ऑस्ट्रेलियन अॅबोरिजिनीज लीग ही संस्था १९३६ मध्ये रीतसर स्थापन झाली, आणि तो तिचा चिटणीस. रेल्वेतला एक गोरा कर्मचारी, आर्थर बर्डू, त्याच्या मदतीला होता. मंत्र्यांना, प्रधानांना, वर्तमानपत्रांना पत्रांमागून पत्रे गेली. आणि इंग्लंडच्या राजाला एक अर्ज. आमचा वंश नष्ट होण्यापासून वाचवा, आमची स्थिती सुधारा, आणि आमचा प्रतिनिधी संसदेत असू द्या, या त्यातल्या मागण्या. सबंध देशातून त्यावर १,८१४ सह्या जमवल्या. सह्या जमवण्याचे काम कसे असते ते आम्हांला विचारा! वस्तीवर व्यवस्थापकाचा पहारा, सही केली तर शिधा बंद होण्याची धास्ती, आणि त्यात चारी दिशांना पसरलेला खंड. १९३७ मध्ये हा अर्ज प्रधानमंत्री लायन्स यांच्याकडे गेला. १९३८ मध्ये मंत्रिमंडळाने तो राजाकडे न पाठवण्याचे ठरवले.

त्याच १९३८ च्या २६ जानेवारीस गोऱ्या वसाहतीला १५० वर्षे झाली म्हणून सिडनीत उत्सव होता. त्या दिवशी सिडनीतच आदिवासींनी शोकदिन पाळला. तो घडवणाऱ्यांत कूपर होता, कमेरागंजात जन्मलेला जॅक पॅटन होता, आणि मेंढ्यांच्या कातरणीतून व युनियनच्या कामातून वर आलेला विल्यम फर्ग्युसन होता. त्या वर्षाच्या अखेरीस जर्मनीत ज्यू लोकांची घरे-दुकाने फोडली गेली, माणसे मारली गेली. ६ डिसेंबर १९३८ रोजी या म्हाताऱ्याने आपल्या मंडळींसह मेलबर्नमधील जर्मन वकिलातीवर जाऊन निषेधाचे पत्र देण्याचा प्रयत्न केला. वकिलाने ते घेतले नाही. ज्याला आपल्याच देशात नागरिकाचे पुरते हक्क नाहीत तो समुद्रापलीकडच्या परक्या लोकांसाठी दार ठोठावतो! शिक्षणाने माणसाची दृष्टी किती लांब जाते, याचे याहून चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

आता कमेरागंजाकडे परत येऊ. तिथे हालत बिघडत चालली होती. शिधा अपुरा, घरे मोडकी, रोगराई, आणि व्यवस्थापकाची दहशत. अर्ज करून झाले, तारा करून झाल्या. ४ फेब्रुवारी १९३९ रोजी दीडशेहून अधिक माणसे, बायकामुलांसह, वसाहत सोडून निघाली आणि मरे नदी ओलांडून व्हिक्टोरिया राज्याच्या हद्दीत बार्मा येथे तळ देऊन बसली. जॅक पॅटनला, लोकांना वसाहत सोडण्यास फूस लावली या आरोपाखाली, अटक झाली. इतिहासकार याला ‘वॉक-ऑफ’ म्हणतात. आमच्या भाषेत हा संपच. संपात कामगार काम सोडतो; या लोकांनी घर सोडले, कारण त्यांचा मालक घराचाही मालक होता. हा तळ काही महिने टिकला. बहुतेक लोक परत गेलेच नाहीत. ते बार्मा, मूरूप्ना, शेपर्टन या भागांत स्थायिक झाले आणि फळांच्या बागांत, डबाबंदीच्या कारखान्यांत मजुरी करू लागले. विल्यम कूपर २९ मार्च १९४१ रोजी वारला. त्याला कमेरागंजालाच पुरले.

या शाळेतून निघालेल्या माणसांचा हिशेब मांडू. जेम्स मास्तरांचा मुलगा, त्याचेही नाव शॅड्रक, वडिलांच्या शाळेत साहाय्यक शिक्षक होता. तो पुढे मूरूप्ना भागात कारखान्यात कामाला लागला आणि फळे डबाबंद करणाऱ्या कामगारांच्या युनियनचा स्थानिक चिटणीस झाला. मास्तराचा मुलगा युनियनचा चिटणीस व्हावा, यात मला नवल वाटत नाही. दोन्ही कामे एकाच जातीची आहेत. आईपासून तोडलेली मार्गारेट टकर पुढे चळवळीतली मोठी कार्यकर्ती झाली आणि तिने आपली कहाणी ग्रंथरूपाने लिहिली. डग्लस निकोल्स फुटबॉलपटू झाला, धर्मोपदेशक झाला. १९६७ च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी आदिवासींना जनगणनेतून वगळणारे कलम काढून टाकले, त्या मोहिमेत तो होता; आणि १९७६ साली तो दक्षिण ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर झाला. सरकारने ज्यांना तिसरीपर्यंत पुरे म्हटले होते, त्यांतला एक राज्याच्या सर्वोच्च पदावर बसला.

श्रोतेहो, येथे भाषण संपवले तर टाळ्या मिळतील. पण दोन आक्षेप उरतात, आणि ते टाळणे बरे नव्हे. पहिला असा की अर्ज तर सारे फसले. राजाला अर्ज पोचला नाही, जर्मन वकिलाने पत्र घेतले नाही. मग अक्षरांनी काय साधले? माझे उत्तर असे. अर्ज मालकासाठी लिहिलेला असतो, पण तो आधी वाचतात ते सही करणारे. १,८१४ माणसांनी आपले गाऱ्हाणे प्रथमच एका कागदावर, एका भाषेत, एकत्र पाहिले. ‘हे माझे नशीब’ असे म्हणणारा ‘हा आमच्यावरचा अन्याय’ असे म्हणू लागला. फेटाळलेल्या अर्जाशिवाय १९३९ ची ती नदी ओलांडली गेली असती असे मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. ही शाळा इंग्रजीची होती, बायबलची होती. तिने हाती कागद-लेखणी दिली, पण यॉर्टा यॉर्टा भाषा तिच्या बाकांवर मागे पडली. एक स्तोत्र राहिले, बाकी बरेच गेले. जेम्ससारखा जिव्हाळ्याचा शिक्षकसुद्धा हे थांबवू शकला नाही. दुसऱ्याच्या भाषेत न्याय मागता मागता आपली भाषा गहाण पडते, हे दुःख खरे आहे आणि त्याला सोपा इलाज नाही.

पण त्या लोकांनी स्वतः त्याचे उत्तर शोधायला आरंभ केला. मार्गारेट टकरची बहीण जेराल्डीन ब्रिग्ज. तिची मुलगी हायलस मॅरिस, जन्म १९३३. १९३९ साली नदी ओलांडणाऱ्या मुलांतली ही एक. मोठेपणी ती लेखिका आणि कार्यकर्ती झाली आणि १९८३ साली तिच्या पुढाकाराने वोरावा कॉलेज सुरू झाले. आदिवासींनी स्वतः चालवलेली व्हिक्टोरिया राज्यातली ही पहिली नोंदणीकृत शाळा. तिथे इंग्रजी आणि गणित तर आहेच, पण आपली संस्कृती, आपला इतिहास हाही अभ्यासक्रमाचा भाग आहे. मॅरिस १९८६ मध्ये वारली. शाळा राहिली. मलोगाची शाळा गोऱ्या मिशनऱ्याने काढली, कमेरागंजाची हिंदी मास्तराने चालवली, वोरावा मात्र त्यांची स्वतःची. शंभरांहून अधिक वर्षांचा हा प्रवास आहे आणि त्याची दिशा स्पष्ट आहे.

मेलबर्नच्या ज्या मतदारसंघाचे नाव पूर्वी एका गोऱ्या वसाहतकाराच्या नावावरून होते, त्याला २०१८ पासून कूपरचे नाव आहे. संसदेत प्रतिनिधी मागणाऱ्याच्या नावाने आता संसदेत प्रतिनिधी निवडला जातो. हा सन्मान उशिराचा आहे, आणि नाव बदलल्याने जमीन परत येत नाही, हेही खरे. म्हणून त्या सन्मानापेक्षा १८७४ ची ती नोंद आपण जवळ ठेवावी, असे मला वाटते. तीन दिवस स्वतः शिकला, चौथ्या दिवशी दुसऱ्याला शिकवले. शिक्षणाच्या योजना पुष्कळ होतात, अहवाल पुष्कळ निघतात. आपल्या वस्तीत, आपल्या कारखान्यात, आपल्या पाड्यावर जो कोणी चार अक्षरे शिकला आहे, त्याने चौथा दिवस चुकवू नये.